भाऊ आत्महत्येने गेल्यानंतर काय वाचावे?

तुमचा प्रश्न मी सावकाश, दोन-तीनदा वाचला. सात महिन्यांपूर्वी तुमचा २४ वर्षांचा धाकटा भाऊ आत्महत्येने गेला. तुम्ही लहानपणापासून वाचणाऱ्या, आणि आता चार ओळींपुढे नजर सरकत नाही. शोकावरची म्हणून कोणीतरी दिलेली दोन पुस्तके तुम्ही अर्ध्यावर मिटली, कारण त्यांतला मृत्यू आजाराने आलेला होता आणि त्या लेखकांना 'घरात काही भांडण झाले होते का?' असे कोणी विचारत नव्हते. आई दहा दिवसांत ऐकलेल्या गरुडपुराणातून अजून बाहेर आलेली नाही. भावाचे पुस्तकांचे कपाट होते तसेच आहे. ते उघडण्याचे धाडस होत नाही आणि त्याच्यासमोरून नुसते जाताही येत नाही. या सगळ्यानंतर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या आहेत: दिलासा देईल असे एखादे पुस्तक आहे का, आणि त्याने अर्धवट ठेवलेले पुस्तक, ज्यात खूण म्हणून बसचे तिकीट अजून आहे, ते तुम्ही वाचावे का.

मी पुण्यात समुपदेशनाचे काम करते. गेल्या २२ वर्षांत अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्या अनेक माणसांबरोबर मी बसले आहे, आणि मी स्वतः वाचणारी असल्यामुळे आमच्या बोलण्यात पुस्तकांचा विषय पुष्कळदा निघतो. तरीही रोग्याला न पाहता औषध लिहून देऊ नये, तसेच लांबून पुस्तक सुचवतानाही जपावे लागते. त्या दिवशी घरी प्रथम कोण पोचले, पोलिसांना जबाब कोणी दिला, नातेवाइकांना खरे सांगितले की 'हार्ट अटॅक' सांगितला, तुम्हाला रात्री झोप लागते का, घरात त्याचे नाव घेऊन तुमच्याशी बोलणारे कोणी आहे का, या साऱ्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून खालचे सगळे तुम्हाला लागू पडेलच असे नाही. जे आत जाऊन लागेल तेवढे घ्या आणि बाकीचे निःसंकोच बाजूला ठेवा.

तुमच्या प्रश्नात मला दोन वेगवेगळ्या गरजा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक गरज 'का?' हे कळण्याची आहे आणि दुसरी या दुःखात एकटे न पडण्याची. मागे राहिलेली बहुतेक माणसे पहिल्या वर्षात पहिल्या गरजेपोटी पुस्तके उघडतात, उत्तर न मिळाल्याने थकतात, आणि आता पुस्तकेही आपल्या कामाची राहिली नाहीत अशा समजुतीला येतात. माझ्या अनुभवात पुस्तक दुसरी गरज फार चांगली भागवते आणि पहिली जवळजवळ कधीच भागवत नाही. हे एकदा मान्य झाले की वाचनाकडे परत येण्याची वाट बरीच मोकळी होते.

'का?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात का नसते, हे जरा सविस्तर सांगायला हवे. एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी दप्तरात आत्महत्येने गेलेल्या माणसांच्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या, आणि त्यांतून मृत्यूचे रहस्य उलगडेल या आशेने त्याने त्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे हाच विषय त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा झाला. पण चिठ्ठ्यांकडून आपण जी अपेक्षा केली होती ती त्या पुरवत नाहीत, हेही त्यालाच सांगावे लागले. त्याने वर्णन केल्याप्रमाणे असह्य मानसिक वेदनेत विचार आकसत जातो, पर्याय दिसेनासे होतात, जिवलगसुद्धा नजरेच्या कक्षेबाहेर जातात. त्या आकसलेल्या अवस्थेत लिहिलेल्या चार ओळींतून त्या माणसाचे संपूर्ण मन कळत नाही. तुमच्या भावाने काही लिहून ठेवले होते की नाही, हे तुम्ही सांगितलेले नाही. असल्यास, आणि तुम्ही ते रोज वाचत असाल तर, मी एवढेच म्हणेन की ते नष्ट करू नका, पण हाताशीही ठेवू नका. घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्या, म्हणजे वाचावेसे वाटले की ते मागून घ्यावे लागेल. त्या मागण्यात जी दोन मिनिटे जातात त्यांचा फार उपयोग होतो. आणि काहीच लिहिले नसेल, तर त्या नसण्यालाही तुमच्यावरचा राग किंवा दुरावा समजू नका, कारण अशी चिठ्ठी न लिहिता जाणारी माणसे फार आहेत.

अशा मृत्यूला एकच एक कारण नसते. आजार, निराशा, ताण, एखादा अपमान, हाताशी न आलेली मदत आणि त्या क्षणीची मनाची अवस्था असे बरेच धागे एकत्र येतात, आणि आपल्याला त्यांतला आपल्या हातातला एकच धागा दिसत राहतो: 'मी त्या रात्री फोन उचलला असता तर'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातली होती. हे आकडे सांत्वनासाठी देत नाही, कारण आकड्यांनी कोणाचे सांत्वन होत नाही. पण त्यांतल्या बहुतेक मृत्यूंमागे एक न उचललेला फोन किंवा एक राहून गेलेले बोलणे कोणीतरी मनात धरून बसले आहे, आणि आपण त्या एका गोष्टीने वाचवू शकलो असतो याची प्रत्येकाला तुमच्याइतकीच खात्री आहे, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की ते तुम्हाला सांगणे मला आवश्यक वाटते.

तुम्ही लिहिले आहे की 'आत्महत्या' हा शब्द तुमच्या तोंडून निघत नाही. त्यात नवल नाही, कारण त्या शब्दातच 'हत्या' आहे, आणि आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेपासून तसा प्रयत्न करणे हा गुन्हाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या रूपात उरले नाही. कायदा बदलला तरी चाळीतली, गावातली कुजबुज त्या वेगाने बदलत नाही. तुम्हाला 'तो गेला' म्हणणे जमत असेल तर तेच म्हणा, पण घरात निदान एका माणसाजवळ खरा शब्द उच्चारून पाहा, कारण जो शब्द आपण स्वतःच्या घरात उच्चारू शकत नाही तो पुस्तकाच्या पानावर आला की अंगावर येतो, आणि मग दोष पुस्तकाचा वाटतो.

आता न वाचता येण्याबद्दल. शोकात एकाग्रता जाते, वाचलेले लक्षात राहत नाही, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. हा तुमच्यातला काही कायमचा बिघाड नाही. मी अशा वेळी कादंबरी सुचवत नाही, कारण कादंबरीत 'पुढे काय होणार' ही ओढ असते आणि ज्या मनाने नुकताच एक भयंकर 'पुढे' पाहिला आहे त्याला ती ओढ सोसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी पती गेल्यावर वर्षभर फक्त कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' वाचले. (इथे सांगितलेल्या सगळ्या माणसांचे तपशील मी ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.) त्या स्वयंपाक करत नव्हत्या, रात्री अंथरुणावर पडून अळूच्या वड्या आणि साटोऱ्या वाचत. त्या म्हणाल्या, 'या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सगळे केले की पदार्थ होतो. माझ्या संसारात मी सगळे केले आणि तरी झाले नाही.' पुढच्या पुष्कळ बोलण्याला या एका वाक्यापासून सुरुवात झाली. दिलासा देणारे पुस्तक मृत्यूबद्दलच असायला हवे असे अजिबात नाही, हे मी त्या बाईंकडून शिकले.

याच कारणासाठी मी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' अनेकांच्या हातात दिले आहे. १९५६ मध्ये आलेल्या या पुस्तकात एकेका महिन्याचे झाड, फूल, ऊन, पाऊस आहे. कुठलेही पान उघडावे, चालू महिन्याचे वाचावे आणि मिटावे. त्यात कोणी तुम्हाला धीर देत नाही, हाच त्याचा मोठा गुण. दुसरे नाव इंदिरा संतांचे. त्यांचे पती १९४६ मध्ये गेले आणि त्यानंतरच्या 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' या संग्रहांत तो विरह फार संयमाने, घरातल्या साध्या वस्तूंच्या आणि पावसाच्या आधाराने येतो. तो मृत्यू वेगळा होता, हे खरे. पण कविता छोटी असते, मोडलेल्या एकाग्रतेला ती झेपते, आणि तुमच्या दुःखाचे कारण ती तुम्हाला विचारत नाही. एखादी कविता वहीत हाताने उतरवून काढा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना उतरवता मात्र येते, असे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

शोकाचे पाच टप्पे सांगणारी पुस्तके आणि लेख तुम्हाला नक्कीच कोणीतरी पाठवले असतील. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात ते टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या नातेवाइकांसाठी ते वेळापत्रक म्हणून लिहिलेले नव्हते. तुम्ही 'राग' या टप्प्यावर अडकला आहात का, असा प्रश्न स्वतःला विचारायचे सोडून दिलेत तरी चालेल.

ज्यांनी असाच मृत्यू पाहिला त्यांनी लिहिलेली पुस्तके हवीत, असे तुम्ही स्पष्ट म्हटले आहे. मराठीत या विषयावर शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पुष्कळ लिहिले गेले, पण मागे राहिलेल्या माणसाने स्वतःच्या शोकाबद्दल लिहिलेले फारसे माझ्या हाती आलेले नाही, आणि ही उणीव मला वर्षानुवर्षे टोचत आली आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर मदुराईच्या नंदिनी मुरली यांचे 'लेफ्ट बिहाइंड' हे २०२१ चे पुस्तक मी सर्वांत आधी सांगेन. त्यांचे पती २०१७ मध्ये आत्महत्येने गेले. पुस्तक भारतीय घरातले आहे, त्यामुळे लोक काय विचारतात, काय बोलायचे टाळतात आणि विधवेकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे समजावून घेण्यासाठी तुम्हाला दुसऱ्या देशाच्या चालीरीतींतून वाट काढावी लागत नाही. मृत्यू लपवायचा नाही असे त्यांनी ठरवले, आणि त्या ठरवण्याची किंमतही त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे.

जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली आहे. माहीमच्या छोट्या घरात मानसिक आजाराने ग्रासलेली आई, तिचे जीव देण्याचे प्रयत्न, तिच्यावर प्रेम करणारे आणि तिच्यामुळे पार दमलेले नवरा-मुले. भावाच्या शेवटच्या वर्षांत तुम्हाला त्याचा कंटाळा, चीड, भीती वाटली असेल आणि आता त्याबद्दल स्वतःला बोल लावत असाल, तर हे पुस्तक फार आधार देईल, कारण चीड आणि माया एकाच माणसात एकाच वेळी नांदतात हे ते न लाजता दाखवते. पण त्यात थेट प्रसंग आहेत, म्हणून पहिल्या वर्षात एकटीने रात्री वाचू नका.

यियुन ली यांचा १६ वर्षांचा मुलगा २०१७ मध्ये गेला, आणि त्यानंतर २०१९ मध्ये आलेल्या 'व्हेअर रीझन्स एंड' या त्यांच्या कादंबरीत आई गेलेल्या मुलाशी संवाद करते. तो तिच्याशी वाद घालतो, तिचे शब्द दुरुस्त करतो, तिला चिडवतो. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही मनात भावाशी अजून भांडता आणि हे वेडेपणाचे लक्षण तर नाही ना, अशी भीती वाटते. तसे नाही. गेलेल्या माणसाशी नाते तोडून टाकणे म्हणजेच सावरणे, ही समजूत या विषयाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकातच मागे टाकली आहे. त्याच लेखिकेचा दुसरा मुलगाही २०२४ मध्ये गेला आणि त्यावर तिने पुढच्याच वर्षी लिहिले; ते पुस्तक थोर आहे, पण घरात उरलेल्या माणसांची काळजी तुम्हाला आत्ताच झोपू देत नसेल तर सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका.

आजार म्हणून हा विषय समजून घ्यायचा असेल, तर के रेडफिल्ड जेमिसन यांचे १९९९ चे 'नाइट फॉल्स फास्ट' आहे. लेखिका मानसोपचाराच्या प्राध्यापक आहेत, स्वतः बायपोलर या मनोविकाराशी झगडलेल्या आहेत आणि तरुणपणी मरणाच्या दारातून परत आलेल्या आहेत, त्यामुळे माहितीच्या मागे माणूस दिसतो. मात्र त्यात मृत्यूच्या मार्गांबद्दलचा भाग आहे. मी ते पुस्तक देताना तेवढी पाने चिमट्याने बंद करून देते, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटल्याचे आठवत नाही. जर्मन लेखक गटेच्या १७७४ मधल्या 'वेर्थर' या कादंबरीचा नायक आत्महत्येने जातो; तिच्यानंतर अनुकरणाची भीती युरोपभर पसरली आणि त्या कादंबरीच्याच नावाने आजही वृत्तपत्रांना इशारे दिले जातात. जवळचे माणूस असे गेल्यावर आपल्या मनातही तो मार्ग पहिल्यापेक्षा जवळचा वाटू शकतो, म्हणून मरणाला सुंदर करून दाखवणारे किंवा त्याचे बारीक वर्णन करणारे काहीही, मग ते कितीही श्रेष्ठ साहित्य असो, सध्या वाचू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता तुमच्या आईंबद्दल. मराठी घरात मृत्यूनंतर पहिले जे वाचले जाते ते पुष्कळदा गरुडपुराणच असते, म्हणजे आपल्या शोकाची पहिली पोथी आपण निवडलेली नसते. ज्या घरात वयस्क माणूस तृप्त मनाने गेले तिथे ते ऐकणे एक गोष्ट. ज्या घरातला मुलगा असा गेला तिथे यातनांची वर्णने ऐकणे ही अगदी दुसरी. त्यातच कोणीतरी 'याला गती नाही' म्हणते आणि त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करायला सांगते. त्या विधीने आईंचे मन शांत होणार असेल तर तो अवश्य करावा. भीतीपोटी आणि कर्ज काढून करू नये. पण त्यांना तुमच्याकडून खरी गरज दुसऱ्या पोथीची आहे. तुम्ही त्यांना नामदेवांचे समाधीचे अभंग वाचून दाखवा. ज्ञानदेवांची समाधी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची तुलना मी या मृत्यूशी मुळीच करत नाही. मी सांगते आहे ते १२९६ मध्ये आळंदीला मागे राहिलेल्या निवृत्तिनाथांबद्दल. ते थोरले भाऊ, शिवाय गुरू. जे ज्ञान धाकट्याने जगाला दिले ते त्यांनीच त्याला दिलेले. आणि तरी नामदेव त्यांना रडताना दाखवतात. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी जावे, गवताच्या पेंढीचा आळा सुटून काडी न् काडी रानोमाळ पांगावी, असे ते दुःख आहे.

हे मी आईंच्या निमित्ताने सांगितले, पण ते तुमच्यासाठीही आहे. भावंडांच्या शोकाकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. दारात येणारा प्रत्येक जण तुम्हाला 'आता तूच आईबाबांना सांभाळायचे' असे सांगून जातो आणि तुमचे काय झाले हे विचारत नाही. तुमच्या संपूर्ण प्रश्नात आईंबद्दल सात वाक्ये आहेत, वडिलांबद्दल तीन आहेत आणि स्वतःच्या रडण्याबद्दल एकही नाही. थोरल्या भावंडाने धाकट्यासाठी रडण्याला मराठीत सातशे वर्षांची जागा आहे. ती तुम्ही घ्या. देवाचा राग येत असेल तर जनाबाई काढा, ती विठोबाला शिव्या देते आणि तरी त्याच्याशी बोलणे थांबवत नाही. आईंना हे अभंग ऐकवताना चार ओळींवर थांबावे लागले तरी हरकत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. तुम्ही लिहिले आहे की मागच्या महिन्यात पु. लं.चे काही वाचताना हसू आले आणि नंतर दोन दिवस अपराधी वाटत राहिले. शोकात मन दुःखाकडे आणि जगण्याकडे असे आलटून-पालटून जाते. हेलकावे खाणे हीच त्याची सावरण्याची रीत आहे, असे स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले आणि मी रोजच्या कामात ते पाहते. तुम्ही त्या संध्याकाळी हसलात त्यात भावाचे काही कमी झाले नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, 'का'चे उत्तर पुस्तकांकडे मागू नका. आज जेवढे झेपते तेवढेच, दिवसा, घरात दुसरे माणूस असताना वाचा. अनुभवाची पुस्तके एकामागून एक न वाचता मध्ये 'ऋतुचक्रा'सारखे काहीतरी येऊ द्या. आणि वाचून झाल्यावर छाती भरून येते, झोप उडते की थोडे हलके वाटते, याकडे लक्ष ठेवा. पुस्तक पुरेसे नसते अशी वेळही येते. भावाच्या मागे जावे असे वाटणे, आठवडेच्या आठवडे झोप न येणे, खाणे सुटणे, तो दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर जसाच्या तसा घडणे, यांपैकी काही होत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही आहे. तिथे फोन करायला मरणाच्या टोकाला पोचलेले असावे लागत नाही. तुम्ही 'माझा भाऊ गेला आणि मला झोप येत नाही' एवढे म्हटले तरी पुरे.

आता कपाट. तुम्ही ते उघडत नाही याचे कारण तुम्हीच लिहिले आहे: त्याने कोणत्या ओळींखाली रेघा मारल्या असतील, याची भीती. म्हणजे कपाट उघडले की तुम्ही वाचणार नाही, तपास करणार. एका वडिलांनी मुलीची सगळी पुस्तके महिनाभर अशी तपासली होती. 'एकटा', 'शेवट', 'अंधार' असे शब्द जिथे जिथे अधोरेखित होते ती पाने त्यांनी दुमडून ठेवली होती आणि मला पुरावा म्हणून दाखवली. मी त्यांना फक्त त्यांच्या स्वतःच्या तरुणपणीच्या पुस्तकांतल्या रेघा आणायला सांगितले. त्यांतही तेच शब्द होते. विशीत आपण सगळेच त्या शब्दांखाली रेघा मारतो.

या संदर्भात मला नेहमी साने गुरुजी आठवतात. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले, आणि त्यांच्या परिचयात बहुतेक ठिकाणी नुसते 'निधन' लिहून हे वाक्य उरकले जाते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेली 'श्यामची आई' तुमच्या-माझ्या घरात आहे, आणि तीही मुळात एका मुलाने गेलेल्या आईसाठी केलेला शोकच आहे. आपण ती वाचताना रडतो, पण तिच्या पानापानांत १९५० च्या त्या दिवसाची चाहूल शोधत बसत नाही. मुकी फुले, पोहणे, पत्रावळ या गोष्टी आपल्याला त्या-त्या गोष्टी म्हणूनच भेटतात. एवढ्या मोठ्या माणसाचे पन्नास वर्षांचे आयुष्य त्याच्या शेवटच्या दिवसाने पुसले जाऊ नये, हे मराठी वाचकाने कोणी न शिकवता केले आहे. तुमच्या भावाच्या २४ वर्षांसाठी तेच करण्याची परवानगी तुम्हाला आहे.

म्हणून कपाट उघडाल तेव्हा वरच्या कप्प्यापासून सुरुवात करू नका. त्याची बालपणीची पुस्तके जिथे असतील तो कप्पा आधी उघडा, जी तुम्ही दोघांनी मिळून वाचली, ज्यांच्यावरून भांडलात, ज्यांवर त्याने तुमचे नाव खोडून स्वतःचे लिहिले. आई बसू शकत असतील तर त्यांना शेजारी बसवा. एका वेळी एकच कप्पा, आणि काय ठेवायचे, काय द्यायचे हे या वर्षी ठरवू नका. कोणी आवरून टाकण्याची घाई केली तर त्यांना सरळ नाही म्हणून सांगा.

आणि ते अर्धवट राहिलेले पुस्तक. ते वाचावेसे वाटत असेल तर वाचा. वाटत नसेल तर दहा वर्षांनी वाचलेत तरी चालेल. ते तुम्ही त्याच्या वतीने पूर्ण करण्याचे कर्तव्य म्हणून हातात घेऊ नका. घेतलेत तर पहिल्या पानापासून घ्या, म्हणजे तो जिथपर्यंत आला होता तिथपर्यंतचा रस्ता तुमचा दोघांचा असेल. तिकीट ज्या पानावर आहे तिथेच राहू द्या, ते पुढे सरकवू नका. तुमच्यासाठी दुसरी खूण घ्या, एखादा दोरा किंवा कागदाचा तुकडा. त्या पानाशी पोचाल तेव्हा त्या दिवसापुरते थांबा आणि पुस्तक दोन्ही खुणांसकट मिटून ठेवा.